अक्कांचं बेट

कावेरी नदी दोन फाट्यांनी वाहिली आणि मध्ये श्रीरंगपट्टणाचं बेट राहिलं, ते केवळ बंगळुरातल्या मराठी मुलामुलींची लग्नं नीट जुळावीत म्हणून, याबद्दल आमच्या मागच्या घरातल्या अक्कांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बेटावर रंगनाथाचं देऊळ आहे, सुलतानाचा उन्हाळी महाल आहे, दोन्ही फाटे पुन्हा भेटतात तो संगम आहे. लोक लांबलांबून ते पाहायला येत. अक्कांनी हे सगळं असंख्य वेळा पाहिलं होतं आणि एकदाही त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. महालाच्या भिंतीवर कसली चित्रं आहेत असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "असतील की घोडेबिडे. त्या चित्रांपुढे उभं राहून होसकोट्याचा मुलगा सारखा घड्याळ बघत होता, ते मात्र मला आठवतं." होसकोट्याच्या मुलाचं स्थळ तिथेच संपलं होतं, हे सांगायला नकोच.

अक्कांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आले. आम्ही भाऊबहीण आलो आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून, मला सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलं होतं की कुठलं काय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मला त्या 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. आणि धाकट्या भावाला जितकं बोलून घ्यावं तितकं बोलून घेत. अक्कांपुढे कुणी आपलं वाक्य पुरं केल्याचं ऐकिवात नाही. एकदा डॉक्टर त्यांना तपासायला आले आणि स्वतःच्या पित्तावर काढा घेऊन परत गेले. दारावर येणारा फुलवाला तर तोंडच उघडत नसे. त्याला काय म्हणायचं आहे ते अक्का सांगत, त्यावर आपणच उत्तर देत आणि शेवटी त्याची समजूतही काढत.

कांदेपोह्यांवर त्यांचा राग होता. "घरात काय बघायचं, तम्मा? मुलगी खाली बघते, मुलगा वर बघतो, आणि दोघांच्या आया एकमेकींची लुगडी बघतात. सरी, झालं लग्न! माणूस बघायचा तर चारी बाजूंना पाणी असलेल्या जागी न्यावा. आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत सोडू नये."

म्हणून अक्कांच्या ओळखीतलं प्रत्येक स्थळ पहाटेच्या म्हैसूर गाडीने बेटावर जाई. तिथे जटका करायचा, म्हणजे आपला टांगाच. चढावर घोड्याची दया येऊन कोण खाली उतरतं, हे अक्का मागच्या बाकावरून बघत. देवळात कोण दुसऱ्याच्या चपला सांभाळतं, संगमावर चित्रान्न आणि दहीभात वाढताना कोण आधी आपलं पान ओढतं, हे सगळं टिपलं जाई. शेवटी हरिगोल. हरिगोल ही वेताची, कातड्याने मढवलेली गोल टोपली, तीच नाव. "हिच्यात पुढचं-मागचं नसतं," अक्का म्हणत, "म्हणून कुणाला मानाची जागा नसते. सगळ्यांनी आपलं उकिडवं बसायचं." मग प्रवाहाच्या मध्यावर नावाडी ती टोपली गरागरा फिरवी आणि भल्याभल्यांची सोंगं गळून पडत. अक्का नदीकडे बघतच नसत. कोण घाबरून काय धरतं, ते बघत. एका बड्या अधिकाऱ्याने त्या क्षणी जेवणाचा डबा पोटाशी धरला. "डबा धरणारा नवरा वाईट नसतो," असा निकाल अक्कांनी दिला, "पण मुलीला आधी सांगून ठेवावं." ते लग्न झालं आणि छान चाललं आहे.

माझी धाकटी बहीण कुमुद बोलताना अडखळे. एरवी थोडं, आणि समोर परकी माणसं पोह्यांच्या बश्या घेऊन बसली की पार. नाव विचारलं की 'कु'पाशीच गाडी थांबे, आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावर ते समजूतदार हसू येई, ज्याचा अर्थ नकार असतो. आई गेल्यापासून कुमुदला उजवायची काळजी माझ्या छातीवर धोंड्यासारखी होती. आणि नवल असं की तीच कुमुद अक्कांच्या स्वयंपाकघरात तास न् तास बोले. कारण तिच्यापुढे अक्का चक्क गप्प बसत. तिचा शब्द अडला की हातातलं उलथणं हातात ठेवून थांबत. तव्यावरचा दोसा करपताना मी पाहिला आहे. पण अक्का हलल्या नाहीत.

पुढे माझ्याच कारखान्यातल्या एका इंजिनिअरचं स्थळ आलं. नुकताच नागपूरहून आलेला, येलहंक्याला घर केलेला. अडखळण्याचं आधीच सांगितलं होतं, तरी तयार होता. अर्थात अक्का आम्हाला बेटावर घेऊन गेल्या. मुलगा चढावर उतरला. त्याने चपला सांभाळल्या, सगळ्यांना वाढून मग स्वतः जेवला. हरिगोल गरगरली तेव्हा त्याने माझ्या बहिणीला हात दिला आणि तिला बोलायला त्रास नको म्हणून काळजीही घेतली. "अक्का, मला अजून..." असं कुमुद म्हणते आहे तोच तो नावाड्यावर ओरडला, "बस, बस! त्यांना अजून भीती वाटतेय." मी मनातल्या मनात मांडव घातला.

परतीच्या गाडीत पहिला प्रश्न मुलीला, हा अक्कांचा नियम होता. मुलाकडची मंडळी पुढच्या डब्यात होती.

"कसा वाटला गं, कुमुदा?"

"चांगला आहे. पण अक्का, माझं वाक्य तो पु... पु..."

"पुरं करतो?" मी म्हणालो.

"तम्मा, तू स्वल्प गप्प बस."

मग रामनगरचे खडक येऊन मागे गेले, आणि अक्का थांबून राहिल्या.

"पुरं करतो," कुमुद शेवटी म्हणाली. "दिवसभर करत होता. आणि चुकीचं करतो. मला भीती नव्हती वाटत. मला अजून एकदा फिरायचं होतं."

मी कपाळाला हात लावला. अडखळणाऱ्या मुलीने असं स्थळ नाकारायचं, म्हणजे मग उरलं काय? इथल्या मराठी मंडळातही तेच बोललं गेलं. अक्का मात्र स्वतः मुलाच्या आईकडे गेल्या आणि सांगून आल्या, "मुलगा सोन्यासारखा आहे हो. पण आमच्या मुलीला स्वतः बोलायचं आहे." दोन वर्षं माझी झोप उडाली. मग एक ड्रॉइंगमास्तर आला. तो चपला विसरला, त्याने सांबार सांडलं. पण कुमुदचा शब्द अडला की तो पाण्याकडे बघत बसे, शब्द येणारच आहे, घाई कसली, अशा थाटात. त्याच मास्तरांशी कुमुदचं लग्न झालं.

अक्कांची जीभ जड झाली ती त्यानंतर काही वर्षांनी, एका सकाळी अचानक. उजवी बाजू लुळी पडली. शब्द एकेक करून येऊ लागला, कधी येतही नसे. घरची माणसं प्रेमळ, पण घाईची. अक्कांनी तोंड उघडलं की "पाणी? औषध? उशी?" असा गलका होई आणि अक्का रागाने डोळे मिटून घेत. मला ते बघवत नसे. कुमुद मात्र येई, सगळ्यांना बाहेर घालवी आणि शेजारी बसून राही. बेटावर जायचं आहे, हे अक्कांनी तिलाच सांगितलं. त्या एका वाक्याला अर्धी दुपार लागली, आणि कुमुदने ती लागू दिली.

आम्ही त्यांना घेऊन गेलो. मास्तरांनी त्यांना उचलून हरिगोलीत बसवलं. पाणी संथ होतं. मध्यावर पोचलो तेव्हा अक्कांचे ओठ हलले.

"ड..."

डोकं, डोळे, डॉक्टर, सगळं माझ्या जिभेवर आलं. कुमुदने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नावाड्यानेही वल्हं वर उचललं. आम्ही बसून राहिलो.

"डबा," अक्का म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळाने, "कुणी... धरलाय?"

डबा माझ्या पोटाशी होता, दोन्ही हातांनी कवटाळलेला. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अर्ध्या चेहऱ्याने हसल्या.

नावाड्याने टोपली हळूच एक फेरी फिरवली आणि काठाकडे वळवायला घेतली. अक्कांचा डावा हात कुमुदच्या हातात होता. तो हलला असावा.

"दादा, त्याला सांग," कुमुद म्हणाली, "अजून एकदा."