वालूरच्या सरांचा परदेशी मोंढा

आमच्या वालूरच्या सरांना पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, संध्याकाळपर्यंत ते तिथला बाजार शोधून काढतील आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजारात त्यांना बसायला स्टूल मिळेल. हे मी ऐकीव सांगत नाही. इथिओपियातल्या अदिस अबाबाच्या एका कॉलेजात ते मृदाशास्त्र शिकवायचे आणि मी गणित. एकाच घरात आम्ही दोन वर्षं राहिलो. मी पूर्णेचा, ते सेलू तालुक्यातल्या वालूरचे. परभणी जिल्ह्यात आमची गाठ कधी पडली नसती, पण इथे पहिल्याच दिवशी ‘आपल्याकडचं पोरगं’ म्हणून त्यांनी माझा ताबा घेतला. कॉलेज सुटलं की खोलीत आडवं व्हावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पण पाच वाजले की सर दारात उभे. “ऊठ! एवढं मोठं शहर पडलंय अन् तू भिंतीकडं बघायलास?”

मेर्काटो हा तिथला अफाट बाजार. सर त्याला आपल्याकडच्या धान्यबाजारासारखा मोंढाच म्हणत. पहिल्या दिवशी ज्वारीची पोती दिसली मात्र, सरांनी कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ बाहेर काढली, दोन दाणे दाढेखाली फोडले आणि बाकीचे तळहातावर फुंकून पाहिले. आमच्याकडे मानवतच्या मोंढ्यात याला कोणी हरकत घेत नाही. इथली दुकानदारीण मात्र कमरेवर हात ठेवून बरसली. तिथली अम्हारिक भाषा आम्हाला येत नव्हती, तरी सगळं समजलं. सर पोत्याच्या तळाकडे बोट दाखवत शांतपणे मराठीत म्हणाले, “बाई, वरचा माल लय चांगला हाय, पण खाली ओल धरलीय.” तिने स्वतः हात घालून पाहिला, नवऱ्याला बोलावून त्याची खरडपट्टी काढली आणि सरांना स्टूल दिलं. पुढे जवस सापडलं. मग कारळं सापडली, तेव्हा सरांनी भर बाजारात मला मिठीच मारली. तिकडे कारळाचं तेल गाळतात. “चटणी करायची म्हणून कुणी सांगितलंच न्हाई ह्यांना,” असं हळहळून त्यांनी रात्री कारळं भाजली, कुटली आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईला डबाभर चटणी नेऊन दिली.

खाण्याच्या बाबतीत तर सरांना नाही म्हणणं ठाऊकच नव्हतं. इंजेरा म्हणजे तिथली परातीएवढी आंबट, जाळीदार आंबोळी. तिच्यावर सात प्रकारची कालवणं वाढलेली. माझा पहिल्या घासाला चेहरा वाकडा झाला, सर परात पुसून मोकळे. कॉफी तिथे तीन फेऱ्यांत देतात, आणि तिसरी झाल्याशिवाय उठलं तर यजमानाला वाईट वाटतं. हे कळल्यापासून सर ज्या घरात शिरत तिथून दीड तास हलत नसत. माझ्या पोटात कॉफीचा समुद्र व्हायचा.

हे सगळं चालायचं हातात फोन उंच धरून. समोरच्या पडद्यावर वालूरहून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. इकडे संध्याकाळचे सहा, तिकडे साडेआठ. काकू जेवण उरकून भिंतीला टेकलेल्या. मुलं आपापल्या नोकऱ्यांवर गेलेली, घरात त्या एकट्याच. सरांचा एकच ध्यास, काकूंनी इथे यावं. काकू म्हणायच्या, “तिथं मी काय खाऊ अन् कुणाशी बोलू?” म्हणून सर रोज पुरावे गोळा करत होते. ज्वारी दाखवून झाली. शेजारच्या म्हातारीला फोनवर बसवून झालं; दोघी आपापल्या भाषेत खलबत्त्यावर वीस मिनिटं बोलल्या आणि दोघींचंही एकमत झालं. तरी काकू हलेनात. शेवटी एकदा त्या सहज बोलावं तसं बोलून गेल्या, “खाणं मिळंल हो. पण मला हाक कोण मारंल? तीस वर्षांत तुमच्या तोंडात माझं नाव आलं न्हाई. लग्नात बी उखाणा न घेता उठून गेलता.”

सरांनी फोन खाली ठेवला. अख्ख्या शहराशी बोलणारा तो माणूस आठवडाभर माझ्याशीसुद्धा धड बोलला नाही.

त्या शनिवारी आम्ही गाणाऱ्यांच्या एका उपाहारगृहात गेलो. तिथे एकतारी सारंगी घेऊन गायक टेबलाटेबलापाशी येतो आणि समोरच्या गिऱ्हाइकावर तिथल्या तिथे कडवं रचून त्याची फिरकी घेतो. आजूबाजूचे सगळे हसत असतात. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, काकू जांभया देत बघत होत्या. तेवढ्यात मालकीणबाईंनी इंजेराचा घास करून सरांच्या तोंडापुढे धरला. पाहुण्याला आपल्या हाताने घास भरवणं हा तिथला मान. सर मात्र लाजून तांबडेलाल! आमच्याकडे घास लग्नात भरवतात, आणि तो घ्यायचा तर आधी नाव घ्यावं लागतं. सर ताडकन उठले. गायकाला वाटलं, जोडीदार मिळाला. त्याने तार छेडली. सरांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हटलं:

“परमुलखाच्या बाजारात ज्वारीची रास,
सुमन, तुझ्यावाचून गोड लागंना घास!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणाला शब्द कळले नव्हते, पण असं काही तरी कोणत्याही भाषेत कळतंच. फोनमध्ये काकूंनी पदर तोंडाला लावला होता. पदराआडून आवाज आला, “बसा खाली, लोकं बघायलेत.” आणि मग हळूच, “त्या पासपोर्टाला किती दिस लागतेत?”

काकू तीन महिन्यांनी आल्या. येताना माझ्यासाठी त्यांनी धपाटे आणले, माझ्या आईची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी सवयीने बूट घालून तयार बसलो. साडेपाच झाले. खिडकीतून पाहिलं तर दोघं रस्त्याने निघालेले. सरांच्या एका हातात पिशवी होती, आणि दुसऱ्या हाताने ते काहीबाही दाखवत होते. काकू थांबून नीट बघत, काही विचारत, पुन्हा चालू लागत. मला फार बरं वाटलं, आणि थोडं रडूही आलं. वर्षभर मी समजत होतो की सर मला शहर दाखवतात. खरं तर ते सगळं काकूंना दाखवण्यासाठीच चाललं होतं. मी आपला शेजारी उभा होतो म्हणून मला दिसलं. मी बूट काढले नाहीत. दार लावलं आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच एकटा बाजाराच्या रस्त्याला लागलो.