आधी महिना, मग तारीख

माझ्या पुतणीच्या पत्रिकेत मंगळ नव्हता. तो मी घातला. आणि हे कळल्यावरही कितीतरी महिने गप्प राहिलो.

मला ज्योतिष येत नाही. पत्रिका काढायचं एक जुनं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं, सीडीवरचं, जुन्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं चाललेलं. नात्यात लग्न निघालं की लोक जन्मतारीख, वेळ आणि गाव फोनवर कळवायचे, मी प्रिंट काढून द्यायचो. ऑफिसात मला फारसं कुणी विचारत नसे, नात्यात मात्र या प्रिंटांमुळे मान होता.

तो कॉम्प्युटर बंद पडला आणि नव्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चालेना. हे सेटिंग बदल, ते बदल, जुन्या विंडोजचा मोड लाव, असं करत मी ते चालू केलंच. तीच निळी चौकट उघडली, वर तोच गणपती. मी ज्याला त्याला सांगत सुटलो. त्यावर पहिली पत्रिका काढली ती पुतणीची. जन्म पाच ऑगस्टचा. नेहमीप्रमाणे आधी पाच टाकले, मग आठ. सातव्या घरात मंगळ निघाला.

थोरला भाऊ वैजापूरला राहतो. वहिनींनी तो कागद बराच वेळ निरखला. म्हणाल्या, "भाऊजी, पोरीची रास कन्या हाय. बारशाला नाव त्याच्यावरूनच काढलं व्हतं. इथं तर मिथुन लिवलंय."

मी हसलो. हातानं काढलेल्या पत्रिकेत चुका होतात, मशीन चुकत नाही, असं म्हणालो. भावानं माझीच बाजू घेतली.

पडेगावचं स्थळ होतं. दोन्ही घरची माणसं वेरूळला दर्शनाला म्हणून भेटली होती आणि मुलामुलीनं एकमेकांना पसंत केलं होतं. पत्रिका गेली, आणि जमत नाही असा निरोप आला. पुतणीनं मंगळवारचे उपास धरले.

पुढं शेजाऱ्यांच्या मुलीची पत्रिका काढताना सॉफ्टवेअर पंचवीस तारीख घेईना. वैतागून मी महिना आधी टाकला आणि तारीख नंतर, तेव्हा घेतली. मी सेटिंग उघडून पाहिली. लॅपटॉपवर तारखेची अमेरिकन पद्धत लावलेली होती आणि सॉफ्टवेअर तीच धरून चाललं होतं. पंचवीस अडले, पाच अडले नव्हते. पुतणीचा पाच ऑगस्ट त्यानं आठ मे धरला होता. कागदावर मात्र ५/८ असंच छापलेलं, शंका कुणाला येणार? मी तिची पत्रिका पुन्हा काढली. रास कन्या. मंगळाचा दोष नव्हताच.

पडेगावच्या मुलाचं तोवर दुसरीकडं ठरलं होतं. आता सांगून काय उपयोग, अशी मी मनाची समजूत घातली. पण इतर स्थळं येत होती, आणि पोरीला मंगळ आहे हे भाऊ प्रत्येकाला आधीच प्रामाणिकपणे सांगत होता. लोक चहा घेऊन परत जात. एका मंगळवारी मी त्यांच्याकडे जेवलो. भाकरी पुतणीनं वाढली. तू का बसत नाहीस, असं मी तिला विचारलं. मी!

अखेर गेलो. तिघं समोर होती, तरी सुरुवात पळवाटेनंच केली. जुनं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर नीट चालत नाही, तारखेचा घोळ होतो, वगैरे.

वहिनी म्हणाल्या, "मला येड्यात लॅपटॉपनं नव्हतं काढलं, भाऊजी."

भाऊ उठून अंगणात गेला. पुतणीनं एवढंच विचारलं, "काका, तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी." बाहेर तेव्हा उन्हाळा तापला होता.

मी आधी वहिनींपुढं हात जोडले. तुमचं खरं होतं आणि मी हसलो, असं म्हणालो. मग पुतणीकडं वळलो.

"तारीख नकळत चुकली. गप्प मात्र मी जाणूनबुजून बसलो, माझा मान जाईल म्हणून. तुझ्या बाबांनी ज्या ज्या घरी मंगळ सांगितला, तिथं प्रत्येक ठिकाणी मी स्वतः जाऊन माझी चूक सांगेन. पडेगावलासुद्धा. मला माफ कर, बाई."