राग

गजाननराव मिरीकर विमा अधिकारी म्हणून बदलीवर जयपूरला आले, आणि पुढच्याच वर्षी त्यांची बायको सुनंदा गेली. ती फार दचकायची, म्हणून ते नेहमी दाराबाहेर खाकरून मगच आत शिरत. ती गेली तरी बनी पार्कातल्या त्या घराचं कुलूप काढण्याआधी ते खाकरतच.

घर खायला उठायचं. मनाला थोडी शांती मिळावी म्हणून १९६२च्या हिवाळ्यात ते शहरातल्या एका धर्मशाळेत उतरलेल्या बौद्ध भिक्खूंकडे, भन्तेंकडे, ध्यान शिकायला जाऊ लागले. भन्ते हिंदीत सांगत, श्वास पाहा, आणि मनात राग उठला की तोही नुसता पाहा.

गजाननराव मन लावून बसत, पण राग काही येईना. एकदा त्यांनी दूधवाल्याशी मुद्दाम भांडण उकरून काढलं, तर तो म्हणाला, "बाबूजी, तबियत तो ठीक है?"

शेवटी त्यांनी कबूल केलं, "भन्तेजी, मुझे राग आता ही नहीं."

भन्तेंनी विचारलं, "तो यहाँ किसलिए आते हैं?"

"पत्नी की बहुत याद आती है."

"वही तो राग है," भन्ते हळूच म्हणाले. "राग यानी लगाव, आसक्ति. आप क्या गुस्सा ढूँढ रहे थे?"

संध्याकाळी गजाननराव दाराशी आले. किल्ली हातात होती. खाकरणं घशाशी आलं, आणि आज पहिल्यांदाच ते त्यांना दिसलं. ते तसेच उभे राहिले. आत कोणी दचकणार नव्हतं.

मग ते हळूच खाकरले आणि त्यांनी कुलूप काढलं.