मासेवालीचा रिपोर्ट

चौऱ्याण्णव साली, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी, कोलशेतच्या एका मासेवालीवर ठाण्याच्या बाजारात अन्याय झाला. तिचा गुन्हा एवढाच, की ती सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणीच्या रांगेत उभी होती. कुणीतरी तिला पाहिलं आणि बाजारभर सांगितलं. झालं, गिऱ्हाईक तिची पाटी ओलांडून पुढे जायला लागलं.

मी तिथेच बाजारात त्या तपासणीची माहितीपत्रकं वाटत होतो. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आठवतो तो तिचा अंगठा. पापलेट उचलायची, अंगठ्याने कल्ला उघडायची आणि ती लालभडक ताजी बाजू येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकाला लावायची.

शेवटी तिचं एक जुनं गिऱ्हाईक, टोपीवाले काका, थांबले. कल्ला बघून त्यांनी मान डोलावली आणि हळूच विचारलं, "काय गं, तुझा रिपोर्ट काय आला?"

"काका, मावऱ्याचा कल्ला दाखवीन, माजा नाय! बगाचाच हाय त तुमचा जाऊन बगा. मी येन बरोबर, भिऊ नका!"

शेजारच्या कोळणी खो खो हसल्या. काकाही हसले. पापलेटं घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दे रे एक पत्रक." घडी करून त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

तिचा रिपोर्ट मला आजही माहीत नाही. तो विचारायचा मला अधिकार नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही तुमची तपासणी करून घ्या. आणि त्या रांगेत ओळखीचं कुणी दिसलं, तर बाजारात तोंड उघडू नका.