सांध्यातली गळती

आंबीच्या एका कारखान्यात मी स्टीलच्या नळ्यांची गळती तपासतो. अणूहून बारीक कण एकमेकांवर आदळवणारं मैलभर लांबीचं यंत्र परदेशात उभं राहतंय, त्यात त्या बसणार. आत हवा औषधालाही उरता कामा नये. वडिलांना, म्हणजे आबांना, हे सांगितलं तेव्हा ते हसले होते. "हवाच न्हाई? मग तितं जगायचं कुणी रं?"

गेल्या वर्षी आबांना लोणावळ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. उशाशी बसल्या बसल्या भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या नळीच्या सांध्यातून फुसफुस ऐकू आली. आतली रबरी रिंग झिजली होती. ती बदला म्हणालो, तर वॉर्डातला माणूस म्हणतो, "एवढं चालतं, सगळ्याच बेडना तसंच आहे." माझं डोकं फिरलं. भांडलो, ओरडलो, शेवटी तो सांधा मुठीत आवळून बसलो. दुपारी आबा गेले. फुसफुस चालूच होती.

तेरावं उरकून कामावर गेलो. पहिल्याच नळीत गळती सापडली, कानाला कधीच ऐकू न येणारी. साहेबांनी अख्खी नळी बाद केली. बरोबरच केलं म्हणा. फक्त, त्या नळीतून श्वास कुणालाच घ्यायचा नव्हता.