सरांनी जऊळक्याला सांगितलेले खरे

डॉ. देवानंद सरांना मी प्रथम पाहिले, तेव्हा ते एका पारदर्शक पेटीवर वाकले होते. पेटीत शरीराबाहेर काढलेली दोन फुप्फुसे फुगत होती, बसत होती. मी कारंज्याची, नवखी परिचारिका. मी दोन पावले मागे सरकले. सर म्हणाले, "घाबरू नको. यांना सावरायला वेळ देतोय." कोमट पोषक द्राव रक्तवाहिन्यांतून फिरवायचा, यंत्राने श्वास द्यायचा, आतले पाणी ओसरले तरच ती रुग्णाला बसवायची. इतरांनी नाकारलेली कितीतरी फुप्फुसे सरांनी अशी उपयोगात आणली.

इंझोरीच्या शेतकरी घरातले आमचे सर आज साठ वर्षांचे होत आहेत. त्यांच्या कौशल्यावर जाणकार लिहितीलच. मला मात्र आजही हादरवणारा एक प्रसंग सांगायचा आहे.

जऊळक्याच्या नामदेवरावांची मुलगी अपघातात मेंदूमृत झाली. पोलीस भरतीसाठी ती रोज धावायची. अवयवदानाच्या कागदावर सही करताना ते म्हणाले, "माह्या पोरीचा दम लय मोठा होता, साहेब. कोनाच्या तरी कामी येऊ द्या."

मूत्रपिंडे दोघांना मिळाली. फुप्फुसे मात्र सहा तास यंत्रावर ठेवूनही सुधारली नाहीत. सरांनी स्वतःच्या हाताने यंत्र थांबवले. "घरच्यांना मूत्रपिंडांचेच सांगू," असे आम्ही सारे म्हणालो. पण तेरवीनंतर सर मला घेऊन जऊळक्याला गेले.

अंगणातच नामदेवरावांनी विचारले, "तिचा दम कोनाले देल्ला?"

"नाई देऊ शकलो, भाऊ. लय प्रयत्न केला."

नामदेवराव ताडकन उठले. "मंग सांगाले कायले आले? मले काय समजनार होतं?"

"तुमी भरोसा ठेवून देल्लं. तुमाले खोटं कसं सांगू?"

ते आत निघून गेले. सर तासभर अंगणात बसून राहिले. त्यांना रडताना मी तेव्हा प्रथमच पाहिले. अखेर नामदेवराव बाहेर आले. "पुन्हा कोनी देल्लं तं मशीन लावसान काय?"

"लावीन."

"मंग ठीक हाय."

गेल्या वर्षी आमच्या रुग्णालयात एक कुटुंब दानाचा निर्णय घेताना अडखळत होते. हे कळताच नामदेवराव आपणहून एसटीने आले. त्या कुटुंबाला एवढेच म्हणाले, "हा साहेब खोटं बोलत नाई." कुटुंबाने होकार दिला. ती फुप्फुसे सरांच्या यंत्रावर सावरली. आज एक शिक्षिका त्यांच्या बळावर वर्गात शिकवते आहे.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि वाईट बातमी स्वतः जाऊन सांगण्याचे धैर्य आम्हा शिष्यांना येईपर्यंत ते आमच्यासोबत असोत.