महादेवीचं चीज

शिरूर अनंतपाळला महादेवीच्या माहेरी आठ म्हशी होत्या आणि लग्न होईपर्यंत खव्याची कढई तिच्याच हाती होती. दोन बोटांत खवा चोळला की त्यात बटाटा घातलाय का मैदा, हे ती बघता बघता सांगायची. गावात कुणाच्या मालावरून वाद निघाला की लोक तिच्या वडिलांना म्हणायचे, "पोरीला बोलवा, ती सांगंल."

लातूरला आल्यावर तिच्या नवऱ्यानं, मृत्युंजयनं, बेकरीतली नोकरी सोडून ट्यूशनच्या गल्लीत पिझ्झ्याचं दुकान टाकायचं ठरवलं, तेव्हा तिनं एकच अट घातली. चीज दुधाचंच पाहिजे. तो हसून 'बरं' म्हणाला. पीठ आणि भट्टी त्याची, सॉस आणि गिऱ्हाईक तिचं, अशी वाटणी झाली. ती टोमॅटोत लसणाबरोबर चिमूटभर काळा मसाला घालायची. होस्टेलच्या पोरी त्या वासानंच आत शिरायच्या.

पाचव्या वर्षी मोठ्या रस्त्यावर एका पिझ्झा कंपनीचं दुकान झालं. काचेचे दरवाजे, एसी, एकसारख्या टोप्या घातलेली पोरं. वाढदिवस तिकडं व्हायला लागले. आलेली गिऱ्हाइकंसुद्धा तुलना करायची. तिकडं बसायला बरं वाटतं, तिकडचा पिझ्झा कधी करपत न्हाई. महादेवी हे मान्य करायची. एकदा गर्दीत त्यांचे दोन पिझ्झे करपले होते, ते तिनं कुणापासून लपवलं नव्हतं. पण चीजवरून कुणी बोललं की मात्र ती ओटा सोडून पुढं यायची.

"त्यांचं बर्फात गोठवून कुठून कुठून येतं. आमचं दुधाचं हाय," ती गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून म्हणायची. "ह्याच्यावर हात ठेवून खोटं बोलंन का मी?"

एका उन्हाळ्यात तिला चीज वेगळं लागलं. गार झालं की रबरासारखं व्हायचं, आणि जिभेवर कसलातरी तेलकट पापुद्रा राहायचा. तिनं मृत्युंजयला विचारलं. चीज आणायचं काम त्याचंच होतं. तो पहाटे, ती उठायच्या आत, घरीच किसून डबे भरून आणायचा.

"उन्हाळ्यात दुधाचा कस बदलतो, तुला माहीत न्हाई का?" तो म्हणाला.

माहीत होतं. चारा बदलला की म्हशीचं दूध कसं बदलतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला पटलं. पावसाळा आला, हिवाळा गेला, तोवर जिभेला तीच चव सवयीची झाली होती.

दीड वर्षानं एका दुपारी वर्षाराणी दुकानात आली. धर्माबादची पोरगी, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी करायला लातूरला राहिलेली. दर रविवारी यायची. त्या दिवशी तिच्या गालांवर, हातांवर लाल चट्टे होते.

"काय झालं गं?"

"काकू, मला लहानपणापासून दूध चालत न्हाई. चहासुद्धा कोराच घेते. काल मैत्रिणींनी त्या मोठ्या दुकानात बळंच एक तुकडा खायला लावला. रात्रभर अंगावर पित्त उठलं." पोरगी खुर्चीवर टेकली आणि मनापासून म्हणाली, "तुमचा तर मी वर्षभर खाऊन राहिले, कधी काही झालं न्हाई. तुमचं अस्सल असतं ना, म्हणून सोसतं."

महादेवीनं तिला पिझ्झा करून दिला. दूध न चालणाऱ्या पोरीला आपलं दुधाचं चीज कसं चालतं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. पोरगी गेल्यावर तिनं डब्यातला किस मूठभर घेऊन बोटांत चोळला, खवा चोळायची तसा. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून ती गंजगोलाईच्या बाजारात गेली. तिथं श्रीमंत नावाचा ठोक व्यापारी होता. त्याच्याकडूनच पहिल्यापासून माल येत होता.

"ते चीज तर तुमच्या मालकांनी कवाच बंद केलं की, अक्का," श्रीमंत म्हणाला. "दुसरं नेतात. हाटेलवाले लई जण नेतात." त्यानं पाकीट पुढं केलं. तिनं बारीक अक्षरं दोनदा वाचली. वनस्पती तेल, स्टार्च, मीठ. दुधाचं नावही नव्हतं.

दुकानात परत आली तेव्हा मृत्युंजय पीठ मळत होता. तिनं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं हात धुतले, पुसले, आणि मग बोलला.

"त्या कंपनीपुढं टिकायचं कसं? तुला सांगितलं असतं तर तू दुकान बंद केलं असतंस."

"मी विचारलं होतं तुमाला."

"दुकान वाचलं का न्हाई? एका तरी माणसाला कळलं का?"

"मला लिंगावर हात ठेवताना तुमी बघत होता," ती म्हणाली. "भट्टीजवळ उभं राहून बघत होता. एकदा तरी मला गप बस म्हणायचं."

त्यानं परत पिठात हात घातला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी कंपनीच्या दुकानात गेली, पहिल्यांदाच. टोपीवाल्या पोरीला म्हणाली, "चीजचं पाकीट बघायचंय." पोरीनं कुणाला तरी विचारून आणून दाखवलं. दुधाचं होतं. महादेवीनं एक पिझ्झा मागवला आणि सगळा खाल्ला. सॉस तिच्यापेक्षा मिळमिळीत होता, पण चीज खरं होतं. इतकी वर्षं ज्यांना ती खोटं म्हणत आली ते खरं बोलत होते.

त्यानंतर आठ दिवस तिनं येईल त्या गिऱ्हाइकाला तोंडानं सांगितलं. "दीड वर्ष आमच्या पिझ्झ्यात दुधाचं चीज नव्हतं. मला माहीत नव्हतं, पण सांगत मीच होते." दोघं-तिघं चिडून गेले. बाकीचे म्हणाले, जाऊ द्या काकू, चव तर चांगली होती. त्याचंच तिला जास्त लागलं. वर्षाराणी मात्र हिरमुसली, आता दुधाचं चीज आलं की तिला ते चालणार नव्हतं. तिच्यासाठी महादेवीनं बिनचीजचा, नुसत्या सॉसचा आणि ढोबळी मिरचीचा पिझ्झा सुरू केला.

आता चीज ती स्वतः आणते. भाव वाढला, गर्दी निम्मी झाली, पण दुकान चालू आहे. दोघं एकाच ओट्यापाशी उभी राहतात, कामापुरतं बोलतात. एका सकाळी पिठाची परात सरकवत मृत्युंजय म्हणाला, "किती दिवस असं चालायचं?"

"तुमी दीड वर्ष रोज माझ्यासमोर उभे होता," महादेवी म्हणाली. "मला एवढ्या लवकर न्हाई जमायचं." आणि ती टोमॅटो चिरायला बसली.